हिरव्या बिल्ल्यासमोरची खूण

९ जानेवारी

मानसशास्त्र विभागाचे प्रमुख यांस,

मी तुमच्या विभागाची विद्यार्थिनी नव्हते आणि तक्रार करायलाही लिहीत नाही. एक साधी चौकशी आहे.

गेल्या रविवारी माझी थोरली बहीण वर्तमानपत्राची पुरवणी मोठ्याने वाचत होती. तिला मनातल्या मनात वाचताच येत नाही, घरातल्या सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे असा तिचा नियम. घरात तिच्याखेरीज मी एकटीच आहे, तो भाग वेगळा. माणसं एकमेकांना कशी जोखतात यावरचा लेख होता आणि त्यात एका जुन्या प्रयोगाची हकीकत होती. सहा अनोळखी माणसांना एका टेबलाभोवती गप्पा मारायला बसवायचं. मग यातल्या कुणाबरोबर पुढचं काम करायला आवडेल ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. त्या चिठ्ठ्या कुणी उघडतच नाही. सोडत काढून काहींना सांगायचं की सगळ्यांनी तुम्हाला निवडलं, आणि काहींना सांगायचं की तुम्हाला कुणीही निवडलं नाही. असा नकार खाल्लेला माणूस नंतर एखाद्या परक्याला कसा तोलतो, हे बघायचं. लेखाच्या शेवटी तुमच्या विभागाचा पत्ता होता.

एकतीस वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, मी तशा खोलीत बसले होते. दुसरा मजला, गोल टेबल, सहा रंगांचे बिल्ले. माझा बिल्ला हिरवा होता. तुम्हाला कुणीही निवडलं नाही, असं मला सांगण्यात आलं होतं.

ते खरं होतं की सोडतीतलं, एवढंच कळवावं. घाई नाही. नुसती उत्सुकता आहे.

कळावे,
दातांच्या कवळ्या बनवणारी एक कारागीर

·

१७ जानेवारी

आदरणीय बाई,

आपलं पत्र विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडे दिलं. मी इथली जुनी कागदपत्रं सांभाळणारा माणूस आहे. जूनमध्ये निवृत्त होईन.

आपल्या प्रश्नाचं उत्तर असं, की ते खरं नव्हतं. त्या गुरुवारचे कागद मी स्वतः काढून पाहिले. सकाळी सोडत काढली होती आणि तिच्यात हिरव्या बिल्ल्याच्या वाट्याला 'नकार' आला होता. आपण खोलीत पाऊल ठेवण्याच्या आधीच ते ठरलेलं होतं. आपण काय बोललात, कशा दिसलात, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला बसवून हे समजावून सांगण्याची पद्धत होती. नोंदवहीत त्यासाठी 'खुलासा केला' असा रकानाच आहे. आपल्या क्रमांकासमोरही त्या रकान्यात खूण आहे. एवढ्या वर्षांनी ते लक्षात राहिलं नसेल तर त्यात नवल नाही.

आपल्या मनाला कधीकाळी त्रास झाला असेल तर विभागातर्फे दिलगिरी व्यक्त करतो.

आपला,
अभिलेख विभाग

·

२२ जानेवारी

महाशय,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी साचा ओतत होते. हात धुऊन पत्र वाचलं, आणि परत साच्याकडे वळले तर प्लास्टर कडक होऊन बसलं होतं. एकतीस वर्षांत माझा वाया गेलेला हा दुसरा साचा.

खुलाशाची खूण आहे म्हणता. मला कुणी काही सांगितलं नाही. तीन दिवस मी स्वतःच्या डोक्याला दोष देत होते, की सांगितलं असेल आणि तू विसरली असशील. पण मी विसरलेले नाही. ऐका.

आम्हाला प्रश्नांची कार्डं दिली होती. माझ्या कार्डावर होतं, 'तुम्ही हे शिक्षण का घेता?' बाकीचे थोडक्यात उत्तरं देत होते. मी मात्र गाडी रुळावरून घसरावी तशी बोलत सुटले. माझ्या वडिलांचे सगळे दात चाळिशीतच गेले होते. चारचौघांत ते तोंडावर रुमाल धरून हसायचे. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, आणि यांना दाखवायला दातच नव्हते. आमच्या भागातल्या एका कारागिरानं त्यांना कवळी करून दिली, त्या दिवशी जेवताना ते उगाचच हसत बसले, विनोद कुणी केलेलाच नव्हता. म्हणून मी हे शिकतेय, असं सांगून टाकलं. परक्या पाच माणसांना. त्याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग मला एका छोट्या खोलीत नेलं. एक बारीक मिशीचा तरुण आला आणि त्यानं कागदावरून, माझ्याकडे न बघता, वाचून दाखवलं: 'दुर्दैवाने आपल्याबरोबर काम करण्याची इच्छा कुणीही दर्शवलेली नाही. आपण पुढचं काम एकट्याने करावं.' पुढचं काम म्हणजे नोकरीसाठी आलेल्या कुणाचातरी निबंध वाचून त्याला मार्क देणं. मी ते केलं, कागद टेबलावर ठेवला आणि मागच्या जिन्यानं खाली उतरले. तिथंच बस उभी होती. बसले आणि गेले.

तेव्हा खुलासा नेमका कुणाला केला? हिरव्या बिल्ल्याला की रिकाम्या खुर्चीला?

ती खूण कुणाच्या हातची आहे, ते मला कळायला हवं.

— कारागीर

·

६ फेब्रुवारी

बाई,

उत्तराला पंधरा दिवस लागले. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी बायको म्हणाली, "एवढे कागद फाडताय, त्यात एखादा खरा लिहून बघा."

तो बारीक मिशीचा तरुण मी होतो. खूणही माझ्याच हातची आहे.

मला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. आमचे सर करड्या शिस्तीचे. खुलासा न होता एकही माणूस बाहेर गेला तर त्या दिवसाचे सगळे कागद बाद, आणि ज्याच्या हातून हे झालं त्यालाही रजा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्ही मागच्या जिन्यानं गेल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी धावत खाली आलो. बस वळणावर दिसत होती. मी हात केला, ती थांबली नाही. वर आलो तर सर नोंदवही घेऊन उभे. "सगळ्यांचा झाला का खुलासा?" मी म्हटलं, "झाला, सर." त्यांनी वही पुढे केली. मी खूण केली.

घरी पत्र लिहून कळवू, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्या संमतिपत्रावर वसतिगृहाचा पत्ता होता. सोमवारी लिहू म्हटलं. सोमवारी वाटलं, तुम्ही चिडून सरांकडे आलात तर? मग परीक्षा आल्या. मग वसतिगृह रिकामं झालं असेल असं वाटलं. पुढे पुढे तर वाटायला लागलं की ती मुलगी केव्हाच विसरली असेल. माणूस स्वतःच्या सोयीचं किती पटकन खरं मानतो, यावर आमच्याकडे कपाटभर प्रबंध आहेत. मला एकही वाचायची गरज पडली नाही.

गेल्या महिन्यात तुमचं पत्र उघडलं तेव्हा 'हिरवा' या शब्दापाशीच ओळखलं. तरी तुम्हाला 'खूण आहे' असं लिहिलं, 'मी खूण केली' असं नाही. आणि वर, लक्षात राहिलं नसेल तर नवल नाही, असंही लिहिलं. बाई, पहिली खूण मी घाबरून केली होती. हे वाक्य मात्र चांगला अठ्ठावन्न वर्षांचा होऊन, शांत बसून, वळणदार अक्षरात लिहिलं. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

गप्पांच्या वेळी मी काचेमागे बसून वेळ टिपत होतो. वडिलांची गोष्ट मीही ऐकली. एवढ्या जुन्या आठवणीवर मी पैज लावणार नाही, पण पिवळ्या बिल्ल्याचे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते असं मला आठवतं. आणि तुम्ही थांबल्यावर पुढचं कार्ड उचलायला कुणी हात पुढे करेना. मला वेळ टिपायचा होता, तोही मी विसरलो. त्या दिवशीच्या तक्त्यात तो एक रकाना कोरा आहे, तो आज पाहिला.

काय भरपाई करावी ते मला माहीत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

आपला,
ज्याच्या हातची खूण आहे तो

·

११ मार्च

महाशय,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते टपालखात्यानं उचललं नसतं.

माझी बहीण मात्र तुमच्या बाजूची निघाली. म्हणे, "कबूल तरी केलं बिचाऱ्यानं. आपल्याकडे माणसं सरणावर चढेपर्यंत कबूल करत नाहीत." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुरवणी आली, तेव्हा इलाज नव्हता.

तुम्हाला वाटेल, एका दुपारचं ते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मीही स्वतःला तसंच सांगत आले. तेव्हा काय झालं ते आता लिहितेच.

वसतिगृहात माझ्या खोलीत माझ्याच वर्गातली एक मुलगी राहायची. चालायची इतकी भराभर, की सगळे तिला तुरतुरी म्हणायचे. माझा हात कामात चांगला होता, तिचं तोंड. त्या गुरुवारनंतरच्या आठवड्यात ती माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "परीक्षा झाली की आपण दोघी मिळून आपली कार्यशाळा काढू. दंतवैद्यांकडे मी फिरेन, तू फक्त आत बसून काम कर. बोल, हो ना?"

आठ दिवस आधी विचारलं असतं तर मी पलंगावरून उडी मारली असती. पण मला वाटलं, हिला माझी दया आलीय. मी गप्प गप्प होते, जेवत नव्हते, म्हणून विचारतेय. पाच माणसांनी वीस मिनिटांत ओळखलं की ही बरोबर नको. ही दोन वर्षं एका खोलीत राहतेय, हिला कळलं नसेल का? मी म्हटलं, "नाही जमायचं मला." का, ते सांगितलं नाही. ती उठून गेली. परीक्षा झाली तेव्हा आम्ही एकमेकींना पत्तेही दिले नाहीत.

तिनं एकटीनं कार्यशाळा काढली, ती अजून चालते. मी एका मोठ्या कार्यशाळेच्या मागच्या खोलीत लागले, ती अजून तिथंच आहे. माझ्याकडे माणसं येतात ती जबड्याच्या ठशातून. तोंड दिसतं, माणूस दिसत नाही. मला दोनदा पुढच्या खोलीत बोलावलं, नव्या मुलींना शिकवायला. दोन्ही वेळा नाही म्हटलं. एका प्रदर्शनात तुरतुरी समोरून आली, तेव्हा दोघींनीही खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसती भिंत होती.

बहीण म्हणते, सगळा दोष त्या चिठ्ठीच्या माथी मारू नकोस, तू आधीपासूनच घुमी होतीस. खरंही असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? पण मी घुमी होते म्हणूनच त्या दिवशी तोंड उघडलं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट होती.

भरपाईचं विचारलंत. एकच करा. आम्ही सहा जणांनी लिहिलेल्या खऱ्या चिठ्ठ्या कुठेतरी असतील. माझं नाव कुणी लिहिलं होतं का, ते बघून सांगा. एकानंही लिहिलं नसलं तरी चालेल. पण या वेळी खरं सांगा.

— कारागीर

·

२० मार्च

बाई,

खरं सांगतो. चिठ्ठ्या नाहीत.

तळघरातली चारही कपाटं उपसली. एकोणीस वर्षांपूर्वी इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा 'न वापरलेलं साहित्य' अशी यादी करून जे रद्दीत घातलं, त्यात चिठ्ठ्यांची खोकी होती. यादीवर सही माझीच. तुमचं नाव कुणी लिहिलं होतं की नाही हे आता कुणालाच कळणार नाही. 'चौघांनी लिहिलं होतं' असं कळवावं, हा मोह मला झाला. अर्धा दिवस झाला. मग म्हटलं, या बाईंना माझ्याकडून एक खोटं पुरे.

पण तुमचा दुसरा कागद मिळाला. निबंधाला मार्क दिलेला. त्याची नक्कल सोबत पाठवतोय.

तो निबंध मुद्दाम वाईट लिहिलेला होता. आढ्यतेखोर, तक्रारखोर, जगावर दात ओठ खाणारा. ज्यांना 'सगळ्यांनी निवडलं' असं सांगितलं होतं, त्यांनी त्याला दहापैकी साधारण सहा दिले. ज्यांना 'कुणी निवडलं नाही' असं सांगितलं, त्यांनी तीनच्या आसपास. काहींनी शून्यही. एकानं 'याला दारात उभं करू नका' असा शेरा मारला. सरांना जे सिद्ध करायचं होतं ते अगदी छान सिद्ध झालं. फक्त आलेखावर नकारवाल्यांच्या बाजूला एक ठिपका एकटाच वर लटकत होता. सर त्याला हट्टी ठिपका म्हणायचे. तो तुमचा. तुम्ही आठ दिले होते. खाली लिहिलंय:

'याची भाषा कडू आहे, पण याला आजवर कुणी नीट विचारलेलं दिसत नाही. कामावर घेऊन बघावं. आज एकाला नकार मिळाला तेवढा बस झाला.'

बाई, मी आयुष्यभर हजारो कागद फायलींत लावले. माणसं माणसांना कशी जोखतात, त्याचे. यासारखा दुसरा पाहिला नाही. आणि एक सांगायलाच हवं. तो निबंध कुठल्या उमेदवाराचा नव्हता. सरांनी सांगितल्यावरून मीच लिहिला होता. मुद्दाम वाईट लिहायचा होता खरा, पण लिहिताना फार कष्ट पडले नाहीत. तेव्हा मी साधारण तसाच होतो.

आणखी एक. मॅडमकडे जाऊन खुणेचं सांगितलं. मॅडम वयानं माझ्याहून लहान. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशी एकच आहे का?" मी हो म्हणणार होतो. मग वही घेऊन बसलो. आणखी दोन निघाल्या. तेव्हाच्या, माझ्याच. नोंदवहीत दुरुस्ती केली, सही केली. त्या दोघांचा शोध सुरू आहे.

आपला,
नोंदवहीवाला

·

१ एप्रिल

नोंदवहीवाले भाऊ,

म्हणजे मी आठ मार्क तुम्हाला दिले होते! परत घ्यावेत का, असा विचार करतेय. बहीण म्हणते, एकदा दिलेले मार्क परत घेत नाहीत.

तो कागद मी चार वेळा वाचला. अक्षर माझं आहे, हे पटायला वेळ लागला. मला आठवत होतं ते एवढंच, की पाच माणसांनी मला नको म्हटलं. त्याच दुपारी मी कुणालातरी हवं म्हटलं होतं, हे पार पुसलं गेलं होतं.

चिठ्ठ्या नाहीत, हे बरंच झालं की वाईट, अजून ठरत नाही. 'चौघांनी लिहिलं होतं' असं तुम्ही लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. ठेवून खूश झाले असते. लिहिलं नाहीत, त्याबद्दल आभार मानते.

तुरतुरीला पत्र टाकलंय. चार ओळी. भेटायला येऊ का, एवढंच. उत्तर येईल असं वाटत नाही. गप्प राहायला माझ्याकडूनच शिकली असेल.

तुमची,
आठवाली

·

१२ एप्रिल

ताई,

'भाऊ' म्हणालात, तर मी ताई म्हणतो. वयानं मीच मोठा असेन, पण मार्क देणारी नेहमी मोठी.

त्या दोघांपैकी एक सापडले. आता बांधकामावर मुकादम आहेत. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मी तर त्या दिवशी पंख्याखाली बसायला आलो होतो. कुणी निवडलं, कुणी नाही, कुणाला ठाऊक!" आणि इतके हसले की मलाही हसू आलं. दुसऱ्या बाईंच्या घरी पत्र गेलं, त्यांच्या मुलानं उत्तर पाठवलं. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी या प्रयोगाविषयी घरात कधी काही सांगितलं होतं का, हे त्यालाही माहीत नाही. म्हणजे विसरल्या होत्या की तुमच्यासारख्या गप्प राहिल्या, ते कळायला मार्ग नाही. त्या मुलाचं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय.

मॅडमनी सांगितलंय, की दर वर्षी नवे विद्यार्थी आले की पहिल्या दिवशी मी त्यांना ही हकीकत सांगायची. निवृत्त झालो तरी यायचं. शिक्षा आहे की मान, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तुमच्या मैत्रिणीचं उत्तर आलं, तर माझं फेब्रुवारीचं पत्र तिला खुशाल दाखवा. मला संकोच वाटेल, पण तो माझा मी बघेन.

आपला,
नोंदवहीवाला

·

१८ मे

भाऊ,

उत्तर आलं. सहा आठवडे लागले. कार्डावर तीन शब्द होते: 'ये. शनिवारी दुपारी.' मी काल गेले.

दवाखान्यांच्या रांगेमागे एक अरुंद गल्ली आहे, तिच्यात तळमजल्यावर तिची कार्यशाळा. दाराच्या मुठीला प्लास्टरची भुकटी लागलेली. डोक्यावर चष्मा, केस पांढरे, आणि चाल तीच. मला बघून म्हणाली, "चपला काढू नकोस, खाली सगळं सांडलंय." जणू मी परवाच येऊन गेले होते.

मी तुमचं फेब्रुवारीचं पत्र पुढे केलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं. त्या दुपारी मला काय सांगितलं आणि म्हणून तिला नाही का म्हटलं, ते मी थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे मी तुला दया म्हणून विचारलं, असं वाटलं तुला?"

"हो."

"आणि मला काय वाटलं, ठाऊक आहे?" आवाज चढला तिचा. "प्रात्यक्षिकात माझा साचा तडकला होता, तुझा आरशासारखा आला होता. मला वाटलं, हिला माझं काम पसंत नाही. हिला माझ्यासारखी बरोबर नको. सहा महिने घरी बसून नुसते साचे ओतले मी! आजवर चार कारागीर ठेवले, भागीदार कुणालाच केलं नाही. पुन्हा कुणी तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून."

भाऊ, हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. तुमच्या कागदावरचा नकार मी घरी नेला आणि आठ दिवसांत दुसरीच्या हातात ठेवला. तो खोटा होता. मी दिलेला मात्र अगदी खरा.

मी म्हटलं, "त्या दिवशी मला कुणी खुलासा केला असता तर—"

तिनं मध्येच तोडलं. "त्या पोराचं सोड! तो नोकरी वाचवत होता बिचारा. त्याचं खोटं एका दुपारचं. पुढची एकतीस वर्षं कुणी सांभाळली? मी तुझ्याच खोलीत होते, दोन हातांवर. 'का गं, खरंच हवी आहे का मी तुला?' एवढं विचारायला काय झालं होतं? दिवसभर लोकांची तोंडं बनवतेस, स्वतःचं उघडता येईना?"

मी स्टुलावर बसले. ती पाठ करून नळाखाली प्लास्टर कालवायच्या वाट्या धूत राहिली. धुतलेल्याच पुन्हा धूत होती.

मग तिनं एक ट्रे माझ्यासमोर आदळला. खालच्या जबड्याची पूर्ण कवळी. "एक म्हातारे गृहस्थ आहेत. तीनदा परत आणली. म्हणतात, बोलायला लागलं की उचलते. मला काही उमगत नाही. बघ जरा."

मी उजेडाला धरून बघितली. जिभेकडची कड किंचित लांब राहिली होती, जीभ हलली की तिलाच टेकत असणार. मी बोट ठेवून दाखवलं. ती वाकून बघत होती. "अगं बाई," म्हणाली, "ही कड मी चार वेळा बघितली!" आणि खुंटीवरचा कामाचा झगा काढून माझ्या मांडीवर टाकला.

आम्ही काम करत बसलो. ती बोलत होती, मी कड घासत होते. दवाखान्यांबद्दल, पायाच्या दुखण्याबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, सगळं एका दमात. मध्येच, आवाजही न बदलता म्हणाली, "दर शनिवारी येशील का? मला एकटीला आता झेपत नाही."

जिभेवर 'बघते' हा शब्द आला होता. गेली एकतीस वर्षं तोच येतो. नाही म्हणायची ती सभ्य रीत. तुम्ही माफी मिळाली का, असं मला एकदाही विचारलं नाहीत, ते बरं केलंत. पण त्या क्षणी मला तुमची आठवण झाली, एवढं कळवते. फाडलेल्या तीन कागदांनंतर चौथा लिहायला बसलेल्या माणसाची.

मी घासायचं थांबवलं आणि तिला विचारलं, "खरंच हवी आहे का मी तुला?"

तिनं माझ्या हातातली कवळी घेतली, कडेवरून अंगठा फिरवून बघितला आणि परत माझ्या हातात दिली.

"खरंच," म्हणाली. "आता हात चालव. पाचला ते आजोबा यायचे आहेत."

तुमची,
ताई